एका वर्षासाठी गेम एकाच स्टोअरला द्यावा का?

कोल्हापूरच्या एका चार जणांच्या टीमचा प्रश्न आहे. पीसीसाठीचा त्यांचा गेम साधारण पाऊण झाला आहे, स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन स्टोअरवर, पेज लागलं आहे आणि विशलिस्ट (गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची यादी) हळूहळू वाढते आहे. आता स्टीमपेक्षा बऱ्याच लहान असलेल्या एका स्टोअरने ऑफर दिली आहे: एक वर्ष गेम फक्त आमच्याकडे ठेवा, त्याबदल्यात ठरावीक रक्कम घ्या. त्यांचं कमिशन १२ टक्के, स्टीमचं ३० टक्के. टीमला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑफर घ्यावी का? आणि अशा करारांनी स्पर्धा वाढते की बाजार नासतो? डिस्कॉर्डवरच्या (गेमर्सच्या गप्पांचं अ‍ॅप) त्यांच्या गटात नुसती कुजबुज झाली तरी खेळणारे चिडले, म्हणून दुसरा प्रश्न.

छोट्या स्टुडिओंचे पब्लिशिंगचे करार वाचणं, त्यांच्या वतीने वाटाघाटी करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा खर्च, रक्कम आणि विशलिस्टचा आकडा तुम्ही दिलेला नाही, त्यामुळे शेवटचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मी इथून देऊ शकत नाही. पण ते कशावरून ठरवायचं, ते नक्की सांगता येईल.

आधी १२ आणि ३० बाजूला ठेवा. प्रत्येक टीम या दोन आकड्यांपासून सुरुवात करते, आणि निर्णय चुकतो तो तिथेच. समजा, सवलती, कर आणि परतावे वजा जाता एका प्रतीमागे सरासरी ५०० रुपये येतात. स्टीमने ३० टक्के घेतले की तुमच्या हातात ३५० पडतात. दुसऱ्या स्टोअरने १२ टक्के घेतले की ४४०. स्टीमवर दहा हजार प्रती गेल्या तर ३५ लाख मिळतील. तेवढेच पैसे दुसरीकडून मिळवायला जवळपास आठ हजार प्रती विकाव्या लागतील. म्हणजे कमी कमिशनमुळे भरून निघते ती विक्रीतली फक्त एक पंचमांश घट. लहान स्टोअरवर तुमच्या गेमची विक्री स्टीमच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचेल, असं छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. टीम अनोळखी असेल तर फरक फार मोठा असतो. तेव्हा कमिशन कमी आहे म्हणून एक्सक्लुझिव्ह होणं, म्हणजे गेम एकाच स्टोअरवर ठेवणं, हा हिशेब बसतच नाही. (गेम अनरिअल इंजिनवर, म्हणजे एपिक कंपनीच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर एपिकच्याच स्टोअरवरच्या विक्रीवर इंजिनची पाच टक्के रॉयल्टी माफ असते. पण २०२० पासून पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावर ती रॉयल्टी मुळातच लागत नाही, त्यामुळे तुमच्या आकाराला त्याने काही फरक पडत नाही.)

मग उरते ती ठरावीक रक्कम, म्हणजे मिनिमम गॅरंटी. खरा व्यवहार हाच आहे. कोकणात मोहोर आल्यावर आंब्याची बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात, तसंच काहीसं. पीक किती येईल, भाव काय मिळेल याची जोखीम व्यापाऱ्याकडे जाते, बागायतदाराच्या हातात पैसे आधी येतात, आणि सुगी जोरात झाली तर वरचा नफा बहुतांशी त्याचा राहत नाही. स्टोअर तुमच्याकडून दोन गोष्टी विकत घेतं: विक्री पडण्याची जोखीम आणि लाँचच्या वेळचं लक्ष. दोन्हींची किंमत त्या एका रकमेतून वसूल होते आहे का, हे तुम्ही बघायचं.

एक फरक मात्र आहे. गॅरंटीची रक्कम बहुतेक वेळा अ‍ॅडव्हान्स असते. समजा ६० लाखांची गॅरंटी मिळाली. त्या स्टोअरवर प्रत्येक प्रतीमागे तुमच्या नावावर ४४० रुपये जमा होतात. ते साठून ६० लाख होईपर्यंत, म्हणजे साडेतेरा हजारांहून जास्त प्रती विकल्या जाईपर्यंत, तुम्हाला आणखी एक पैसाही येत नाही. त्यानंतरच्या प्रतींचे पैसे वेगळे मिळायला लागतात. विक्री तिथवर पोचलीच नाही तरी ६० लाख परत करायचे नसतात. हे ‘परत करायचे नाहीत’ कराराच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. ईमेलमधलं किंवा फोनवरचं आश्वासन धरू नका. हेच ६० लाख स्टीमवरून कमवायचे तर १७ हजारांहून जास्त प्रती विकाव्या लागतील. त्यामुळे टीमने एकत्र बसून स्वतःला असं विचारायचं: पहिल्या वर्षात स्टीमवर आपण १७ हजार प्रती विकू का? आणि नाही विकल्या गेल्या, तर पुढचा गेम करायला आपण चौघं एकत्र राहू का?

मी टीमला कागदावर एवढंच लिहायला सांगतो: गेम पूर्ण होईपर्यंतचा खर्च, त्यात लाँच तीन महिने लांबेल असं धरून वाढ, आणि लाँचनंतर सहा महिने पॅच आणि अपडेट करत राहण्याचा खर्च. गॅरंटी या बेरजेच्या वर जात असेल तर ऑफरवर गंभीरपणे बोलायचं. जात नसेल तर ती रक्कम तुम्हाला ना गेम पुरा करू देते, ना बाजारातलं लक्ष ठेवू देते. अर्धवट गॅरंटी घेऊन एक्सक्लुझिव्ह होणं सगळ्यात वाईट. त्यात जोखीमही तुमच्याकडेच राहते आणि ग्राहकही कमी होतात.

दुसरी बाजू आहे लाँचच्या लक्षाची. स्टीमवर ज्यांनी तुमचा गेम विशलिस्टमध्ये टाकला आहे, त्यांना गेम बाहेर पडल्यावर ईमेल जातो. पहिल्या काही दिवसांत त्या लोकांनी खरेदी केली, तर स्टोअर तुम्हाला आणखी पुढे सरकवतं. एक वर्षाने तिथे आलात, तर त्यातल्या कितीतरी लोकांचा रस संपलेला असतो, काहींनी यूट्यूबवर शेवटापर्यंत बघून टाकलेला असतो, आणि येताना तुम्हाला सवलत देऊनच यावं लागतं. स्टीमवरची विक्री शून्य होते असं नाही, पण तिचा जोर ओसरलेला असतो. गॅरंटी बघताना ही घटही मोजा.

याला एक चांगली वाट आहे, आणि ती मी फार वेळा सुचवतो: गेम पुरा होण्याआधीच विक्रीला काढायचा (याला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात) आणि एक्सक्लुझिव्ह काळ तेवढ्यापुरताच द्यायचा. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ मध्ये एपिकवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, वर्षभराने स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्येच आला, आणि पूर्ण आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये निघाली. ‘सॅटिसफॅक्टरी’ही मार्च २०१९ मध्ये एपिकवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये सुरू झाला आणि जून २०२० मध्ये स्टीमवर गेला. दोघांनी एक्सक्लुझिव्ह काळ गेम घडवण्यात वापरला. पूर्ण लाँच, म्हणजे ज्या दिवशी खरा गाजावाजा होतो तो दिवस, त्यांनी विकला नाही. तुमचा गेम अर्ली अ‍ॅक्सेसला चालण्यासारखा असेल, तर स्टोअरसमोर हाच प्रस्ताव ठेवा. गोष्ट एकदा सांगून संपणारा गेम असेल, तर मात्र हे जमत नाही.

काळही कमी करून मागता येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. कन्सोलचा हिशेब पीसीपेक्षा वेगळा असतो, हे खरं. पण दोन महिने आणि बारा महिने यांच्यात किती अंतर आहे ते यावरून कळतं. दोन महिन्यांनी लोकांना तुमचं नाव आठवत असतं. स्टोअरने ‘एक वर्ष’ म्हटलं म्हणजे ते दगडावरची रेघ नव्हे. सहा महिन्यांवर बोलणी आणणं अवघड जात नाही, रक्कम थोडी कमी होते इतकंच.

आता खेळणाऱ्यांच्या रागाबद्दल. हा राग कशावर असतो, ते काही जुन्या उदाहरणांत दिसतं. ‘मेट्रो एक्सोडस’ची स्टीमवर आगाऊ विक्री चालू होती, आणि फेब्रुवारी २०१९ च्या लाँचला काही आठवडे राहिले असताना तो एपिककडे गेला. आधी घेतलेल्यांना स्टीमवर प्रत मिळाली, तरीही केवढा गदारोळ झाला. ‘फिनिक्स पॉइंट’ला लोकवर्गणीतून पैसे मिळाले होते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी एपिकचा करार जाहीर केला आणि वर्गणीदारांना पैसे परत देऊ केले. ‘शेनम्यू ३’चंही त्याच वर्षी तसंच झालं. ज्यांनी स्टीमचं नाव बघून पैसे भरले होते, त्यांची तक्रार रास्त होती, आणि परतावा देणं हे किमान कर्तव्य होतं.

‘ऊब्लेट्स’चं उदाहरण मला फार लागतं. दोन जणांचा छोटा स्टुडिओ. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की, सगळ्या स्टोअर्सवर विकून जेवढं कमवण्याची आशा होती तेवढ्याची गॅरंटी एपिकने दिली आहे आणि त्यामुळे गेम नीट पुरा करता येईल. त्यावर त्यांना जे शिवीगाळीचं आणि धमक्यांचं सहन करावं लागलं, त्याला कुठल्याही स्टोअरच्या वादाने समर्थन मिळत नाही. त्यांनी कुणाकडून स्टीमच्या नावाने पैसे घेतले नव्हते. तुम्हीही घेतलेले नाहीत. स्टीमवर पेज असणं म्हणजे वचन नव्हे. पण विशलिस्टमध्ये टाकणाऱ्या माणसाने तुमच्यावर थोडा भरवसा टाकलेला असतो, म्हणून बातमी त्याला तुमच्याकडूनच कळू दे, तीही करार झाल्याबरोबर. त्यात कारण, काळ आणि स्टीमवर येण्याचा महिना, तिन्ही असू द्या. ‘खेळाडूंना जास्त पर्याय मिळावेत म्हणून’ वगैरे काही लिहू नका. पैसे हवे आहेत, गेम पुरा करायचा आहे, हे सरळ लिहा. तुमच्याजागी कुणीही असतं तर त्याला तेच हवं असतं, आणि वाचणाऱ्यालाही ते समजतं. मात्र तुम्ही लोकवर्गणी किंवा आगाऊ विक्री केली असेल आणि त्यात स्टीमच्या प्रती कबूल केल्या असतील, तर माझं उत्तर ‘नाही’ आहे, रक्कम कितीही असो.

इथपर्यंतचं थोडक्यात: कमिशन विसरा, गॅरंटी तुमच्या खर्चाच्या बेरजेशी ताडून बघा, जमलं तर फक्त अर्ली अ‍ॅक्सेस विका, काळ कमी करून घ्या, आणि कुणाला आधी काही कबूल केलं असेल तर ते मोडू नका.

दुसरा प्रश्न स्पर्धेचा. ‘एक्सक्लुझिव्ह म्हणजे मक्तेदारी’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. करार कोण करतंय, यावर सगळं अवलंबून आहे. स्टीम २००३ पासून आहे. मार्च २०२५ मध्ये तिथे एकाच वेळी चार कोटींहून जास्त लोक ऑनलाइन होते. लोकांच्या गेमचा साठा तिथे, मित्र तिथे, सेव्ह फाइल्स तिथे. अशा ठिकाणाशी टक्कर घ्यायला नव्या स्टोअरकडे काहीतरी असं हवं, जे तिथे मिळत नाही. आघाडीच्या दुकानाने गेम्स बांधून ठेवले, तर नव्याची वाट बंद होते. नव्याने काही गेम्स काही काळ बांधले, तर त्याला निदान दार ठोठावता येतं. आपला २००२ चा स्पर्धा कायदाही याच दिशेने विचार करतो. एकमेव पुरवठ्याचा किंवा वितरणाचा करार सरसकट बेकायदा नाही. त्याने स्पर्धेला लक्षणीय बाधा येते का हे बघितलं जातं, आणि वर्चस्व असलेल्या कंपनीने त्या वर्चस्वाचा गैरवापर केला तर त्यासाठी वेगळं कलम आहे. स्टीमबाबत अमेरिकेत जो वाद चालू आहे, तोही एक्सक्लुझिव्हिटीचा नाही. वुल्फायर गेम्स या स्टुडिओने २०२१ मध्ये स्टीमची मालक कंपनी वॉल्व्हवर खटला भरला. दुसरीकडे स्वस्त विकायला वॉल्व्ह आडकाठी करते, असा त्यांचा आरोप आहे. २०२४ मध्ये न्यायालयाने तो सामूहिक दावा म्हणून चालवायला परवानगी दिली.

मात्र असे करार करून स्टीमशी टक्कर घ्यायच्या एपिकच्या डावाने काय साधलं, हे विचाराल तर आकडे फारसे उत्साहाचे नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये स्टोअर उघडलं, १२ टक्के कमिशन आणि खिसा मोकळा. ‘कंट्रोल’ या गेमच्या एका वर्षाच्या एक्सक्लुझिव्हिटीसाठी ९४ लाख ९० हजार युरो दिल्याचं त्याच्या इटालियन पब्लिशरच्या हिशेबांतून कळलं. एपिक आणि अ‍ॅपलच्या खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांत २०२० या एका वर्षाच्या गॅरंटींचा आकडा ४४ कोटी ४० लाख डॉलर होता. आणि एवढं करून झालं काय? एपिकच्या स्टोअरवर इतर कंपन्यांच्या पीसी गेम्सवर २०१९ मध्ये लोकांनी २५ कोटी १० लाख डॉलर खर्च केले. २०२४ मध्ये २५ कोटी ५० लाख. पाच वर्षांत जवळजवळ जागच्या जागी. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनीही नंतर मान्य केलं की काही एक्सक्लुझिव्ह फार चांगले चालले, पण बरेचसे गुंतवणूक म्हणून चांगले ठरले नाहीत. स्टोअरवर फुकट गेम्स वाटायची योजना मात्र उत्तम चालली.

माझ्या मते याचं कारण साधं आहे. एक्सक्लुझिव्ह गेमने माणूस एकदा येतो. राहतो तो दुकान चांगलं असेल तर. एपिकच्या स्टोअरवर एकदम दोन-चार गेम्स निवडून पैसे भरायची कार्ट आली ती डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे उघडल्यानंतर तीन वर्षांनी. ग्राहकांच्या प्रतिक्रिया, चर्चेची जागा, मॉड्स (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) या गोष्टींत स्टीम फार पुढे होतं आणि आहे. गॅरंटीवर गेलेल्या पैशांतला थोडा हिस्सा जरी या कामांवर लागला असता, तरी आज चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं. ईए या बड्या गेम कंपनीने स्वतःचं स्टोअर काढून नवे गेम्स स्टीमवर देणं थांबवलं होतं, ते २०१९ मध्ये परत आले. युबिसॉफ्ट २०२२ च्या अखेरीस परत आली. ज्यांच्याकडे लोकांना हवे असलेले मोठे गेम्स होते, त्यांचीही ही गत झाली.

तरी या भांडणाचा तुमच्यासारख्यांना फायदा झालाच नाही, असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पीसी गेम्सवरचं कमिशन १२ टक्क्यांवर आणलं. एपिकने २०२३ मध्ये, सहा महिने एक्सक्लुझिव्ह राहणाऱ्या गेमला त्या काळातलं सगळं उत्पन्न द्यायची योजना काढली, आणि २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षाकाठच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर कमिशन शून्य केलं, तेही एक्सक्लुझिव्ह व्हायची अट न घालता. स्टीमने मात्र २०१८ मध्ये सवलत दिली ती मोठ्यांना: एक कोटी डॉलरच्या पुढे २५ टक्के, पाच कोटींच्या पुढे २०. छोट्यांचा दर ३० टक्क्यांवरच राहिला. स्पर्धा नीट चालली असती तर पहिली सवलत छोट्यांच्या दरात दिसली असती. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

आता तुमच्या कराराकडे. कायदेशीर भाषा वकिलाकडे द्या, पण पुढच्या गोष्टी स्वतः वाचा. एक्सक्लुझिव्हिटी फक्त पीसीपुरती आहे की कन्सोल, सबस्क्रिप्शन आणि मोबाइलही त्यात येतात? मुदत लाँचपासून मोजायची आहे. पण लाँच लांबलं, तर स्टीमवर यायची तारीखही तेवढीच लांबते का, की एखादी शेवटची तारीख ठरली आहे? शेवटची तारीख घालून घ्या. स्टीमचं पेज चालू ठेवायला परवानगी आहे का? तेवढ्यासाठी थोडी रक्कम सोडावी लागली तरी सोडा, कारण वर्षभर विशलिस्ट साठत राहते. स्टोअर बंद पडलं किंवा योजना गुंडाळली, तर हक्क लगेच तुमच्याकडे येतात का? हा प्रश्न काल्पनिक नाही. डिस्कॉर्डने २०१८ मध्ये नव्वद दिवसांच्या एक्सक्लुझिव्ह गेम्ससह स्टोअर काढलं आणि वर्षभरातच गुंडाळलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कधी येणार. एका टीमच्या करारात सगळी रक्कम ‘अंतिम बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) स्वीकारल्यावर’ अशी होती, आणि स्वीकारायचं की नाही हे स्टोअरच्या मर्जीवर. तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही तर बिल्ड स्वीकारलं असं धरावं, एवढं एक वाक्य आम्ही घालून घेतलं. पुढे बिल्ड तपासणाऱ्यांची टीम बदलली आणि हरकत कळवायला कुणी उरलंच नाही, तेव्हा त्या वाक्यावरच पैसे निघाले. तुम्ही निम्मी रक्कम सही झाल्यावर मागा, एक चतुर्थांश बीटाला (चाचणीच्या आवृत्तीला), उरलेली अंतिम बिल्डला. पैसे डॉलरमध्ये येणार, तेव्हा सही करायच्या आधी सीएकडून परदेशातली करकपात आणि जीएसटीचं लेटर ऑफ अंडरटेकिंग (निर्यातीवर कर आधी न भरण्यासाठीचं हमीपत्र) बघून घ्या.

महिन्याचा खर्च, गॅरंटीची रक्कम, विशलिस्टचा आकडा आणि पैशांचे टप्पे, हे चार आकडे इथे टाकलेत तर पुढचं उत्तर नेमकं देता येईल. स्टोअरचं नाव टाकू नका. गोपनीयतेचं कलम बहुतेक ऑफर लेटरमध्येच असतं.